अठरा मीटरपर्यंत

मी दादासाठी डायव्हिंग शिकले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात आजही सगळ्यांचा तोच समज आहे. दादा म्हणजे माझ्या काकांचा एकुलता एक मुलगा. मी प्राथमिक शाळेत असताना तो एका दुपारी गावच्या खाणीवर पोहायला गेला आणि परत आला नाही. त्यानंतर आमच्या घरातलं कुणीच पाण्यात उतरलं नाही. मिठागरात आणि खाडीत जन्म काढलेल्या माणसांचं घर आमचं, पण दादानंतर माझ्या पिढीतल्या एकालाही पोहता येत नव्हतं. गणपती विसर्जनालासुद्धा आई मला काठापासून दहा हात लांब, मनगट धरून उभी करायची.

मी दापोड्याला एका गोदामात शिफ्ट इन्चार्ज आहे. खिडकी नसलेली जागा, वर पत्रा, दिवसभर ट्यूबलाइट, स्कॅनरची पीं-पीं आणि फोर्कलिफ्टचा हॉर्न. तिशी उलटल्यावर मी ठाण्याला एका तलावावर पोहायला शिकले, घरी न सांगता. मग ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मालवणला गेले, तिथे पाठीवर सिलिंडर बांधून समुद्रात उतरले. खाली गेल्यावर आवाजच नव्हता. फक्त माझा श्वास. घरी आल्यावर कितीतरी दिवस मला तेवढंच आठवत होतं. पुढच्या सुट्टीत पुन्हा जाऊन कोर्स पूर्ण केला आणि स्कूबा डायव्हर म्हणून कार्ड मिळालं. त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, अठरा मीटरपर्यंत.

कार्ड आईला दाखवलं. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे काय, लायसन?"

"हो."

"पान्यात जायाचं?"

मी मान हलवली. ती भाजी निवडत बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "काकीला कलू देऊ नको."

कळायचं ते कळलंच. गावात अशी गोष्ट लपत नाही.

मला डायव्हिंग शिकवणारे सर ठाण्याचे. पावसाळ्यात समुद्र बंद असतो आणि एरवीही दर वेळी मालवण गाठणं जमत नाही, म्हणून ते आपल्या विद्यार्थ्यांना घाटावरच्या एका तलावात घेऊन जायचे. त्या हिवाळ्यात मीही नाव दिलं. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "समुद्रात शिकलात म्हणजे सगळं आलं असं समजू नका. खारं पाणी माणसाला उचलून धरतं. गोडं पाणी धरत नाही." बुडी लागावी म्हणून कमरेच्या पट्ट्यात घालतात ते शिसं कमी करायचं होतं, नाहीतर मी दगडासारखी खाली गेले असते. तलावाच्या तळाशी गाळ असतो, आणि पाय नेहमीसारखे वरखाली मारले की तो उठतो आणि स्वतःचा हातही दिसत नाही. म्हणून बेडकासारखे पाय मारायची सवय करायची होती. मी कामावरून आले की पलंगावर पालथी पडून पाय मारायचे. मास्कच्या आत काळं फडकं लावून, आंधळ्यासारखं चाचपून, खांद्यामागे गेलेली श्वासाची नळी शोधायचे. आई दारातून बघायची आणि निघून जायची. एकदा म्हणाली, "तुझा बाप असता तर तुला दोन ठेवून दिल्या असत्या." पण ती रागावलेली नव्हती. घाबरलेली होती.

मी अशीच पालथी पडलेली असताना एका संध्याकाळी काका आले.

काका तेव्हा सत्तरीच्या आसपास होते. किडनी निकामी होत आलेली, डायलिसिस चालू होतं. हातावर सुयांच्या जागा काळ्यानिळ्या पडल्या होत्या. आमचं घर त्यांच्या घरापासून चार घरं सोडून, पण ते आमच्याकडे क्वचित यायचे. खुर्चीत बसले, पायात घालायचे माझे रबरी फिन हातात घेऊन वाकवून पाहिले.

"घाटावर चाललीस म्हनं."

"हो काका. पुढच्या महिन्यात."

"आपल्या खानीत जाशील का?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

खाणीबद्दल सांगायला हवं. राहनाळच्या पुढे आमचं गाव, गावामागे टेकडी होती. ती फोडून वर्षानुवर्षं दगड काढला, मग पाणी लागलं आणि खडी फोडायचा क्रशर बंद पडला. खड्डा भरत गेला. नवखा माणूस त्याला तलावच म्हणेल, हिरवं, शांत पाणी. तीन बाजूंना सरळ तुटलेला खडक आणि एका बाजूला ट्रक उतरायचा जुना रस्ता, तोच पुढे पाण्यात गेलेला. त्या रस्त्याच्या टोकाला दादाचा शर्ट आणि चपला सापडल्या होत्या. गावातल्या पोहणाऱ्यांनी बुड्या मारल्या, अग्निशमनवाले गळ टाकून बसले. काही लागलं नाही. पाण्यात गेलेलं माणूस दोन-तीन दिवसांनी वर येतं म्हणतात. दादा आला नाही. खाली क्रशरचे पट्टे आहेत, तारा आहेत, त्यात अडकला असेल असं काही लोक म्हणाले. काही म्हणाले, तो बुडालाच नाही, पळाला.

पळाला म्हणायला कारण होतं. आदल्या दिवशी दादाने काकांचा टेम्पो धामणकर नाक्यावर एका रिक्षाला ठोकला होता आणि काकांनी नाक्यावरच, सगळ्यांदेखत, त्याला थोबाडीत मारली होती. एकोणीस वर्षांचा पोरगा. तो रात्री जेवला नाही.

काकी तेव्हापासून एकच धरून बसली, तो रागावून गेलाय, येईल. तिने त्याचं श्राद्ध करू दिलं नाही. अनोळखी नंबरवरून फोन आला की धावत जाऊन घ्यायची आणि कर्ज विकणाऱ्या पोरींचंही हिंदीतलं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. कुणी सुरतेला गेलं, कुणी इचलकरंजीला, की त्याच्याकडे दादाचा फोटो द्यायची. आमच्या भागासारखे कापड विणायचे लूम जिथे जिथे आहेत तिथे तिथे काम मिळतं, तिथे तो असू शकतो, असं तिचं म्हणणं. काका यावर कधी बोलायचे नाहीत.

त्या संध्याकाळी मात्र ते बोलले.

"खान विकली मालकानं. पावसाल्यानंतर भराव टाकनार हायेत. वर गोदाम होनार."

"ऐकलंय मी."

"मग त्याच्यावरून ट्रक फिरतील."

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. मी नवीन आहे, मला अठरा मीटरच्या खाली जायची परवानगी नाही, मृतदेह शोधणाऱ्यांचं शिक्षण वेगळं असतं, इतक्या वर्षांनी काही उरलेलंही नसेल. ते ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "शोधू नको. नुसती जाऊन ये. आपल्यातलं कोनी तरी एकदा खाली गेलं पायजे."

मग माझ्याकडे न बघता, आईकडेही न बघता, ते म्हणाले, "पलाला असता तर एक फोन केला असता ना गं त्यानं? एका थपडीचा इतकी वर्षं राग कोन धरतं?"

तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की मुलगा बुडाला असावा असं या माणसाला का वाटतं. तो जिवंत असेल तर एवढी वर्षं बापाला माफ न करता कुठेतरी जगतो आहे. बुडाला असेल तर तसं काही नाही.

मी सरांना विचारलं. ते आधी नाही म्हणाले. मग एका सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांनी खाण पाहिली, मालकाच्या माणसाशी बोलले, दोरीला वजन बांधून खोली मोजली. दोन ठिकाणी वजन टेकलं, तिसऱ्या ठिकाणी दोरी संपली तरी टेकलं नाही. सर काठावर उकिडवे बसले.

"हे बघा, शोधायचं काम आपलं नाही. जुना रस्ता खाली खडकाच्या एका सपाट टप्प्यापर्यंत जातो, तिथवर दोरी लावू. दोरी सोडायची नाही. टप्प्याच्या पुढे जायचं नाही. काही दिसलं तरी हात लावायचा नाही, वर येऊन पोलिसांना कळवायचं. कबूल असेल तर एकदा उतरू."

मी कबूल म्हटलं. माझा स्वतःचा हेतू काय होता ते मला आजही नीट सांगता येत नाही. काकांना नाही म्हणवत नव्हतं, हे खरं. पण लहानपणापासून ज्या पाण्याकडे नुसतं बघायचीही चोरी होती, ते आतून कसं आहे हे मला बघायचं होतं, हेही तितकंच खरं.

दोन दिवसांनी दुपारी गोदामाच्या गेटवरून वॉचमनचा फोन आला, "मॅडम, कोई औरत आयी है, आपकी चाची बोल रही है." मला खरं वाटेना. काकी डायलिसिसच्या दवाखान्याशिवाय गावाबाहेर पडत नसे. बाहेर येऊन बघते तर ट्रकच्या रांगेत, धुळीत, डोक्यावर पदर घेऊन ती उभी. शेअर रिक्षा बदलत आली होती. मी तिला चहाच्या टपरीवर नेलं. तिने चहाला हात लावला नाही.

"तू खानीत जानार."

"हो काकी. फक्त थोडं खाली. तिथे काही दिसणारही नाही."

"मी तुला अडवायला न्हाय आले." तिने माझा हात धरला. "जा तू. तो म्हातारा मरायला टेकलाय, त्याचं मन राहू दे. पन एक आयक. तुला काय दिसलं, तर सांगू नको. मना सांगू नको आनि त्याला पन सांगू नको. न्हाय दिसलं म्हन."

"काकी, अगं..."

"म्हनशील ना?"

आमच्या मागे एक ट्रेलर रिव्हर्स घेत होता, त्याची शिट्टी थांबेना. मी घाईत होते, शिफ्टची माणसं आत वाट बघत होती. आणि तिने माझा हात सोडला नव्हता. मी म्हटलं, "म्हणेन."

ती लगेच उठली. मी तिला रिक्षात बसवून दिलं.

शिमग्याच्या आधीच्या रविवारी आम्ही उतरलो. कुणाला सांगितलं नव्हतं तरी निम्मा गाव जमला होता. काका प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोक्याला टॉवेल गुंडाळून, शर्ट सापडला होता त्याच जागेपासून थोडं मागे बसले होते. आई आली नाही. काकी आली नाही. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी वेटसूट चढवत असताना एका म्हातारीने माझ्या पायावर पाणी घातलं आणि नारळ फोडला. सरांनी माझा पट्टा तपासला, हवा तपासली, पुन्हा तपासली.

वरचं पाणी कोमट होतं, शेवाळी, हाताच्या अंतरापुरतं दिसणारं. दोरी धरून आम्ही जुन्या रस्त्याच्या उतारावरून खाली सरकू लागलो. कान दुखले, नाक दाबून मोकळे केले. थोडं खाली गेल्यावर अचानक, जणू पाण्यात आडवी काच बसवलेली असावी तसं, थंड पाणी सुरू झालं. याची कल्पना मला दिली होती, घाटावरच्या तलावातही असं असतं म्हणून सरांनी शिकवलं होतं. तरी माझा श्वास अडला. छातीवर कुणी बर्फाची लादी ठेवावी तशी थंडी. हिरवा उजेड गेला, तपकिरी झाला, मग तोही गेला. टॉर्चच्या उजेडात दगडाची पूड धुरासारखी तरंगत होती.

टप्प्यावर पोचलो. तिथे लोकांनी सोडलेल्या वस्तू होत्या. देवांचे जुने फोटो, काचा तशाच, फ्रेमा कुजलेल्या. पिशव्यांत बांधलेलं निर्माल्य. एका कडेला क्रशरचा रबरी पट्टा जाडजूड, मोठ्या जनावरासारखा पडलेला. त्याच्याखाली कापड दिसलं. करड्या रंगाचं, एक टोक वर उठलेलं. मी इतक्या जोराने श्वास घ्यायला लागले की सरांनी माझा खांदा धरून डोळ्यांसमोर हात धरला, हळू, हळू. मग त्यांनी टॉर्च जवळ नेला. सिमेंटची गोणी होती. त्यावरची छापील अक्षरंसुद्धा दिसत होती.

टप्प्याच्या कडेवरून मी खाली पाहिलं. टॉर्चचा उजेड थोडा खाली गेला आणि संपला. तिथून पुढे काहीच नव्हतं. काळं म्हणावं तर त्याला रंगही नव्हता. मी दोरी दोन्ही हातांनी धरून तिथे किती वेळ होते माहीत नाही. सरांनी अंगठा वर केला, म्हणजे वर चला, आणि आम्ही वर आलो, हळूहळू, वाटेत थांबत.

काठावर येऊन मास्क काढला तेव्हा माझे दात वाजत होते. कुणीतरी चादर दिली. काका खुर्चीतून उठून जवळ आले होते.

"काय?"

"काही नाही काका. टप्प्यापर्यंत गेलो. त्याच्याखाली खोल आहे, तिथे आम्ही जाऊ शकत नाही. काहीच दिसलं नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांना हे अपेक्षित असावं. मग माझा हात हातात घेतला आणि एकदम सोडला.

"एवढी कशी गार पडलीस? ऊन हाय की."

"खाली पाणी फार थंड आहे."

"वरचं तर गरम हाय."

"वरचं वरच. खाली बर्फासारखं आहे."

काका खाली बसले. खुर्ची मागे होती, तिच्यावर नाही, खडीवरच बसले. "इतकं गार हाय?" एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. मोठ्याने, तोंड न झाकता. दादा गेल्यापासून त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं म्हणतात. बायकांनी पाणी आणलं. ते मधूनच म्हणत, "त्याला दोन चादरी लागायच्या गं थंडीत. दोन लागायच्या." मी ओल्या अंगाने त्यांच्या शेजारी बसून राहिले.

संध्याकाळी मी काकीकडे गेले. ती तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, "काकी, काही दिसलं नाही." ती म्हणाली, "बरं." सूप थांबलं नाही.

त्यानंतर काकांनी वाट पाहिली नाही. देह मिळत नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात, तो विधी त्यांनी खाडीच्या काठावर केला. डोकं भादरून, डायलिसिसच्या सुजलेल्या हाताने स्वतः अग्नी दिला. काकी त्या दिवशी माहेरी, भावाकडे निघून गेली. परत आली तेव्हा काकांचं गुळगुळीत डोकं बघून दारातच थांबली, मग आत गेली. त्यांच्यात भांडण झालं असं कुणी ऐकलं नाही. ती त्यांना वेळेवर जेवण द्यायची, दवाखान्यात न्यायची. माझ्याशी मात्र बोलणं बंद केलं. मी समोर आले की पदर सावरून दुसरीकडे बघायची.

काका भाद्रपदात गेले. शेवटच्या महिन्यांत ते शांत होते. आईला म्हणाले होते, "माझं एक काम झालं."

मी घाटावर गेले, पण ठरलेल्या महिन्यात नाही, पुढच्या हंगामात. तिथलं पाणी स्वच्छ होतं, मासे होते, उन्हाच्या तिरिपी तळापर्यंत जात होत्या. थंड पाण्याची रेघ लागली तशी मी सरांना खूण केली आणि वर आले. तेव्हापासून मी गोड्या पाण्यात उतरलेले नाही.

काका गेले त्या वर्षी दिवाळीनंतर खाणीत भराव पडायला लागला. दिवसभर डंपर. मातीचा लोट आमच्या अंगणापर्यंत यायचा, भांडी पुन्हा पुन्हा विसळावी लागायची. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी काकीने शेजारच्या बाईकडून निरोप पाठवून मला बोलावलं. ती ओट्यावर बसली होती. कपाळ मोकळं. तिकडे डंपर मागे घेताना वाजत होता, मग खडी घसरल्याचा आवाज, मग पाण्याचा.

"बस," ती म्हणाली. "आता म्हातारा पन न्हाय. आता खरं सांग."

"काय काकी?"

"तुला दिसला ना तो?"

"नाही गं."

"तू त्याला सांगितलंस म्हनून तर त्यानं अग्नी दिला. न्हायतर इतकी वर्षं का न्हाय दिला?"

मी तिला सगळं सांगितलं. टप्पा, पट्टा, सिमेंटची गोणी, खालचा अंधार, थंडी. काका कशामुळे रडले ते सांगितलं. एकही गोष्ट ठेवली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, लहान मूल पाठ केलेलं म्हणतं तेव्हा त्याच्याकडे बघतात तसं. माझं सांगून झालं. तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

"तू चांगली हायेस पोरी. मना दिलेला शब्द तरी पाललास."

"काकी, मी शब्द पाळायचा म्हणून हे सांगत नाही. खरंच नाही दिसला. देवाची शपथ घेऊन सांगते."

तिने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"शपथ नको घेऊ," ती म्हणाली. "माझ्यापायी कशाला पाप घेतेस."

मी तिचा हात बाजूला केला, पण शपथ घेतली नाही. ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने आतूनच तिने विचारलं, तांदळाची भाकरी टाकते आहे, खाऊन जाशील का. मी हो म्हटलं आणि आत गेले.